बिनपडद्यांची वीणा

बाई,

तुमच्या स्वयंपाकघरात मी एकदाच रडले. स्टोव्हवर आधण उकळत होतं आणि ती एवढीशी खोली वाफेनं भरून गेली होती, त्यामुळे डोळ्यांतलं पाणी वाफेचं आहे असं म्हणायची सोय होती. तुम्हीच ती करून दिलीत. "वाफ लागली वाटतं डोळ्यांत. पूस की गं," म्हणालात आणि पाठ फिरवून उभ्या राहिलात. तेव्हा मी चौदा वर्षांची होते. आज मी तुमच्या त्या वेळच्या वयाच्या दुपटीच्याही पुढे गेले आहे, आणि तरी तुम्हाला लिहायला बसल्यावर अक्षर नीट काढावंसं वाटतं. मधेच कागद लांब धरून बघते, ओळ वर तर चढत नाही ना.

साठचं दशक नुकतं लागलं होतं. वडील सरकारी कारखान्यात इंजिनिअर, त्यांच्या नोकरीपायी आम्ही पुण्याहून बंगळूरला आलेलो. मल्लेश्वरमला भाड्याचं घर होतं. घरात मराठी, शाळेत कन्नड आणि इंग्रजी, आणि रस्त्यावर जी तोंडात येईल ती भाषा. मुलगी मराठी विसरेल या धास्तीनं आईनं मला तुमच्या शनिवारच्या वर्गात घातलं. गाणं आलं तर बरंच, असा तिचा हिशेब. तुम्ही आठवडाभर मुलींच्या शाळेत गाणं शिकवायचात आणि शनिवारी सकाळी आपल्या पुढच्या खोलीत आम्हा सात जणांना घेऊन बसायचात. तुम्ही बेळगावच्या. यजमान लवकर गेले, तेव्हापासून एकट्याच राहत होतात. तुमचं "हे काय केलीस गं" ऐकून आई सुरुवातीला गालात हसायची. पुढे दोन वर्षांत तीच भाजीवाल्याला "स्वल्प कमी कर की रे" म्हणायला लागली.

माझा सूर खाली येतो हे मला कळत नसे, बाकी सहा जणांना कळे. तुम्ही कधी टोकलं नाहीत, फक्त मला तानपुऱ्याच्या अगदी जवळ बसवायचात. मग एका शनिवारी तुम्ही जाहीर केलंत की या वर्षी मराठी मंडळात आपला गाण्याचा कार्यक्रम नाही. त्याऐवजी आपण एक हस्तलिखित मासिक काढायचं, पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं संगीतावर. आणि माझ्याकडे बोट करून म्हणालात, "संपादक ही. हिचं अक्षर सुरात आहे."

सगळे हसले. मीही हसले आणि घरी जाऊन जेवले नाही. अक्षर सुरात आहे म्हणजे बाकी काय सुरात नाही, हे न कळण्याइतकी मी लहान नव्हते.

पण काम लागलं आणि राग कुठल्या कुठे गेला, हेही खरं. तुमच्या त्या खोलीत सतरंजीवर फुलस्केप कागदांचे गठ्ठे पसरलेले आहेत, मी गुडघ्यांवर बसून पेन्सिलीनं समास आखते आहे आणि तुम्ही माझ्या डोक्यावरून बघता आहात. मी कागदाच्या कडेपर्यंत लिहून काढलेलं पहिलं पान तुम्ही हातात घेता. "श्वास कुठं घ्यायचा वाचणाऱ्यानं?" एवढंच विचारता. मी ते पान पुन्हा लिहिते, दोन्हीकडे दोन बोटं जागा सोडून. शीर्षक किती मोठं, चित्र कुठे, कविता आली तर ती पानाच्या मधोमध की डावीकडून, हे सगळं ठरवायला आम्हाला आठ शनिवार लागले. कुणी तानपुरा लावण्याबद्दल लिहिलं, दोघी बहिणींनी मिळून आपल्या आजोळच्या भजनी मंडळाबद्दल लिहिलं, तबल्यावर बसणाऱ्या मुलानं ठेका चुकल्याच्या आपल्या फजित्या लिहिल्या.

मी रामनवमीच्या मांडवातल्या एका गायनाचं वर्णन लिहिलं. त्यात 'स्वर्गीय', 'अवीट' आणि 'मंत्रमुग्ध' हे तीन शब्द मिळून अकरा वेळा आले होते. अकरा हे तुम्ही मोजलंत. "गायक डाव्या कुशीवर टेकून बसला होता की सरळ?" तुम्ही विचारलंत. मला आठवेना. "पहिलं काय गायला?" तेही आठवेना. मला आठवत होतं ते गुळाचं पानक आणि डाळीची कोसंबरी, कारण मी बहुतेक वेळ प्रसादाच्या रांगेत होते. "मग ते लिही," तुम्ही म्हणालात. "निदान ते खरं होईल." मी तसं लिहिलं आणि मासिकात सगळ्यांनी पहिल्यांदा वाचला तो तोच लेख.

मुखपृष्ठाला मात्र मी कुणाला हात लावू दिला नाही. घरच्या कॅलेंडरवरून शारदा उतरवली, पांढरं कमळ, हंस, हातात वीणा. निळा पोस्टर कलर, वर सोनेरी शाई. तुम्ही बराच वेळ बघत राहिलात आणि म्हणालात, "हंस झकास." मला तेवढं पुरेसं होतं.

एकच प्रत, जाड सुईनं शिवलेली, पाठीला कापड. ती प्रत्येक घरी दोन दोन दिवस जायची आणि शेवटी सोडलेल्या आठ कोऱ्या पानांवर वाचणाऱ्यानं आपला अभिप्राय लिहायचा. पहिले आठ-दहा अभिप्राय मला अजून पाठ आहेत, कारण ते सगळे सारखे होते. छान उपक्रम. फार छान. मुलांचं कौतुक. मी ते रोज वाचायची. मग तुमच्या शेजारणीनं आपल्याच मनानं ते मासिक मागच्या गल्लीत, वीणा वाजवणाऱ्या अज्जींकडे दिलं. त्या म्हैसूरकडच्या, कन्नड घरातल्या. पण त्यांचे यजमान रेल्वेत होते आणि त्यांनी हुबळी-मिरजेकडे बरीच वर्षं काढली होती, त्यामुळे त्यांना मराठी वाचता यायचं. लिहिलं मात्र त्यांनी कन्नडमध्ये, जांभळ्या शाईनं, समोरासमोरच्या दोन पानांवर. मासिक फिरून आधी संपादकाकडे यायचं असा नियम होता, म्हणून ते पहिल्यांदा मी वाचलं. त्याचा अर्थ असा होता:

"मुखपृष्ठावर शारदेच्या हातात वीणा आहे. वीणेला पडदे नाहीत. ही वीणा शारदेलासुद्धा वाजवता येणार नाही. आत चाळीस पानं आहेत. त्यांत वीणेवर एक ओळ नाही. मी तुमच्या मागच्याच गल्लीत रोज वीणा वाजवते. शनिवारी सकाळी मी वाजवायला बसले की तुमच्या वर्गाची खिडकी बंद होते. मुलांचं अक्षर सुंदर आहे."

मी मासिक मिटून मुखपृष्ठ पाहिलं. कॅलेंडरवरचं चित्र लहान होतं, त्यात वीणेच्या दांडीवरचे आडवे पडदे दिसत नव्हते, म्हणून मी ते काढले नव्हते. शारदेच्या हातात एक गुळगुळीत सोनेरी काठी होती. एकदा दिसल्यावर मला मुखपृष्ठावर दुसरं काही दिसेना. आईनं बांधणीसाठी मैद्याची खळ शिजवून दिली होती, ती वाटीत उरलेली होती. ती मी त्या दोन पानांच्या कडांना लावली, पानं एकमेकांवर दाबली, वर वडिलांचा शब्दकोश ठेवला. दुसऱ्या दिवशी मासिक तुमच्याकडे घेऊन आले.

तुम्ही स्वयंपाकघरात होतात. हात पुसलेत, मासिक घेतलंत आणि मागची पानं अंगठ्यानं सोडत गेलात, एक, दोन, तीन, आणि थांबलात. "हा कागद जाड का लागतोय?" तुम्ही पान उजेडासमोर धरलंत. आतली जांभळी शाई पलीकडून दिसली. मला वाटलं आता ओरडतील. तुम्ही स्टोव्हला पंप मारलात, पातेल्यात आधण ठेवलंत, आणि पाणी उकळू लागल्यावर ती जोडलेली पानं वाफेवर धरून उभ्या राहिलात. हात भाजेल इतका वेळ. मग सुरीच्या बोथट बाजूनं कडा सोडवायला लागलात, इतक्या हळू की जणू झोपलेल्या पोराच्या मुठीतून काही काढून घेता आहात. त्या वेळी मी रडले.

पानं उघडली. शाई दोन ठिकाणी फुटली होती, पण सगळं वाचता येत होतं.

"वाच. मोठ्यानं."

मी वाचलं. शारदेलासुद्धा वाजवता येणार नाही या वाक्यावर तुम्ही फस्सकन हसलात. खिडकीच्या वाक्याला हसणं थांबलं. मी वाचून संपवलं तोवर तुम्ही त्याच आधणात चहा टाकलात.

"पडदे नाहीत ती चूक तुझी," तुम्ही म्हणालात. "मुलांना चूक लपवायला संपादक लागत नाही गं, खळ पुरते. संपादक कशाला लागतो मग, सांग बघू?" उत्तराची वाट न बघता तुम्ही पुढे म्हणालात, "आणि खिडकी माझी. नऊ वर्षं झाली मला या गावात. वीणा सुरू झाली की तुमचा सूर हलतो, म्हणून मी खिडकी लावून घ्यायची. वाजवतंय कोण, ते बघायला एकदासुद्धा गेले नाही." मला तोपर्यंत माहीत नव्हतं की मोठी माणसं आपली चूक अशी सरळ, चहा गाळता गाळता सांगू शकतात. मला वाटत होतं तुम्ही त्या पानावर काहीतरी उत्तर लिहाल. तुम्ही चहा पुढे केलात आणि म्हणालात, "उद्या जा आणि पडदे मोजून ये."

मी गेले. दार त्यांनीच उघडलं. उंच, काटक, दोन्ही नाकपुड्यांत हिऱ्याच्या चमक्या. मी कोण ते त्यांनी विचारलंच नाही. "एनम्मा, पडदे मोजायला आलीस?" त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, आणि मला दारातून पळून जावंसं वाटलं. "बा, कूत्को," म्हणत त्यांनी चटई दाखवली. मी बसले. वीणा त्यांनी माझ्यासमोर आडवी ठेवली. काळ्या मेणात बसवलेले पितळी पडदे, एकाला एक लागून. मी मोजले, तेवीस आले. "पुन्हा." पुन्हा मोजले, चोवीस. "आणखी एकदा, म्हणजे खात्री." चोवीस. मग त्या वाजवायला लागल्या. मी इतकी जवळ बसले होते की आवाज आधी चटईतून मांडीला लागला आणि मग कानाला. एका पडद्यावर बोट ठेवून त्या तार ओढायच्या आणि एकाच जागेतून तीन-चार सूर निघायचे. गाणं मला येत नव्हतं, पण बोट आणि तार मला बघता येत होती, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला ऐकू आलं की सूर खाली येतो म्हणजे नेमकं काय होतं. निघताना त्यांनी पेलाभर काफी दिली आणि म्हणाल्या, "तुझी टीचर यमन गाते तेव्हा मी वीणा बाजूला ठेवते. तिला सांग." मी तुम्हाला ते तसंच्या तसं सांगितलं. तुम्ही वर्गात गेलात आणि खिडकीची कडी काढलीत. त्यानंतर मी ती लागलेली पाहिली नाही.

पुढच्या शनिवारी गाणं झालंच नाही. सातही जणांना गोल बसवून तुम्ही मासिक मधे ठेवलंत. "आता आपण याची परीक्षा घ्यायची. छान म्हणायचं नाही. चांगलं वाटलं तर का वाटलं ते सांगायचं, नाही वाटलं तर तेही." पहिली दहा मिनिटं कुणाला तोंडच उघडता आलं नाही, इतका तो शब्द आमच्या अंगवळणी पडलेला. मग तबलेवाला म्हणाला की मधली बारा पानं त्यानं वाचलीच नाहीत, कारण अक्षर सुंदर पण मुंगीएवढं. त्या दोघी बहिणींतली धाकटी म्हणाली की प्रत्येक चित्र उजव्याच पानावर आहे, डावं पान म्हणजे आपलं वरण-भात. मी वहीत लिहून घेत होते आणि प्रत्येक वाक्य मला लागत होतं, आणि गंमत म्हणजे लागूनही बरं वाटत होतं. कुणीतरी खरंच वाचलं होतं. शेवटी तुम्ही अज्जींचा अभिप्राय सगळ्यांना वाचून दाखवलात, खिडकीच्या वाक्यासकट, आणि म्हणालात, "आतापर्यंत एवढी नीट परीक्षा एकाच माणसानं घेतलीय." पानं का फुगली आहेत ते कुणीतरी विचारलं. "वाफ लागली," तुम्ही सांगितलंत.

दुसरा अंक दसऱ्याला निघाला. एका बाजूनं उघडला की मराठी, उलटा करून दुसऱ्या बाजूनं उघडला की कन्नड, आणि दोन्ही भाषा मधल्या पानांवर भेटायच्या. तिथे एका पानावर तानपुरा, समोर वीणा, चोवीस पडद्यांची, मापात काढलेली. कन्नड मजकूर अज्जी सांगायच्या आणि मी लिहायची. माझी कन्नड अक्षरं बोंडासारखी फुगलेली येत. त्या पान परत करायच्या, "सरी इल्ल," नीट नाही. एक पान मी पाच वेळा लिहिलं. दसऱ्याला त्यांच्या घरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडल्या होत्या, चन्नपट्टणच्या लाकडी, म्हैसूरचे राजा-राणी, आणि सगळ्यांत खालच्या पायरीवर त्यांनी आपला अंक ठेवला. हळदीकुंकवाला आलेल्या बायका तो उचलायच्या, एका बाजूनं चाळायच्या, मग अज्जी त्यांच्या हातून घेऊन उलटा करून परत द्यायच्या. तुम्ही दारापाशी बसला होतात, हिरव्या काठाची साडी नेसून, आणि अज्जींनी सर्वांसमोर तुम्हाला गायला सांगितलं. तुम्ही गायलात. त्यांनी वीणेवर साथ द्यायचा प्रयत्न केला, तुमचं आणि त्यांचं दोनदा जुळेना, दोघी हसलात, तिसऱ्यांदा जुळलं. सगळ्या गल्लीत आपल्या सातांइतकं खूश त्या दिवशी कुणी नसेल.

त्या अंकावर अज्जींनी दोनच शब्दांचा अभिप्राय लिहिला: पडदे बरोबर. आणि तुम्ही खाली लिहिलंत: संपादिकेनं या खेपेला खळ फक्त बांधणीला वापरली.

पुढचं तुम्हाला थोडं माहीत आहे. मी गाणारी झाले नाही. एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञांचे अहवाल छापण्याआधी त्यांची पानं लावायचं काम मी तीस वर्षं केलं, आणि मोठमोठ्या माणसांना दोन बोटं समास सोडायला लावला. तुम्ही साठचं दशक संपता संपता दुखण्यानं बेळगावला परत गेलात, आणि तिकडून तुम्ही गेल्याचं कळवणारं तुमच्या भावाचं पत्र आलं ते अज्जींच्या पत्त्यावर. त्यांनी मला बोलावून ते वाचून दाखवलं. मग बराच वेळ त्या नुसत्या वीणेच्या तारा पुसत राहिल्या.

गेल्या महिन्यात व्हाइटफील्डकडच्या एका कॉलेजनं मला परीक्षक म्हणून नेलं. तिथल्या मुलांनी संगणकावर संगीताची मासिकं केली होती, रंग असे की माझी सोनेरी शाई लाजेल. मला गुणांचा तक्ता दिला होता. मी तो भरला, पण त्याआधी मुलांना गोल बसवलं आणि छान म्हणायची बंदी घातली. त्यांनाही तोंड उघडायला दहा मिनिटं लागली. मग मी त्यांना तुमची, अज्जींची, वाफेची गोष्ट सांगितली. एक मुलगी म्हणाली, "आजी, मग तुमच्यामुळेच त्या दोघींची मैत्री झाली ना?" मी हो म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

हे पत्र पाठवण्यासाठी नाहीच, म्हणून मुलांना जे सांगितलं नाही ते इथे लिहिते. वर्ग सुटल्यावर तानपुऱ्याला खोळ घालायला मी मागे थांबायची आणि तुम्ही आपल्या दोघींचा चहा करायचात. आठवड्यातली ती अर्धी घटका माझी होती. दसऱ्यानंतर नेमक्या त्याच वेळी अज्जी यायला लागल्या. एका शनिवारी मला इतका उशीर झाला की वर्ग सुटून गेला होता, दाराशी पोचले तर आतून तुम्हा दोघींचं हसणं ऐकू आलं, तुम्ही त्यांना कन्नडमध्ये काहीतरी सांगत होतात, भरभर, आमच्याशी कधी बोलला नव्हतात तशा. मी चपला न काढता परत गेले. त्याच्या पुढच्या शनिवारीही आले नाही. तुम्ही चौकशी केलीत तेव्हा मी आईकरवी ताप आहे म्हणून कळवलं, आणि तुम्ही स्वतः टोमॅटोचं सार घेऊन आमच्या घरी आलात, माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणालात, "उतरला वाटतं."

सार मी सगळं प्यायले. ताप आलाच नव्हता, बाई.